दोन तपासण्यांमधले तीन महिने

कोकणात पाऊस आणि शाळा यांचा मुहूर्त जवळजवळ एकच असतो. सात-दहा जूनच्या सुमारास मोसमी वारे येऊन थडकतात, पंधराच्या आसपास शाळेची घंटा वाजते, आणि बघता बघता घराच्या भिंतींना ओल धरते, गोधड्यांना कुबट वास येऊ लागतो, खिडक्या लावून घेतलेल्या वर्गात एकाची सर्दी दहाजणांना लागते. ज्या मुलांना दमा आहे त्यांच्यासाठी वर्षातला हा फार अवघड काळ असतो, आणि तो काही न सांगता येत नाही. त्याची तारीख सगळ्यांना आधीपासून ठाऊक असते. असे असूनही मे महिन्यात, मूल आंब्याच्या बागेत हुंदडत असताना, "रोजचा पंप (औषध श्वासातून ओढायचा इनहेलर) चालू आहे ना?" असे त्याच्या आईला विचारणारे कोणी नसते. हा प्रश्न वेळेवर विचारणे ही सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेची जबाबदारी मानली पाहिजे, आणि तो विचारण्याचे साधन, म्हणजे मोबाइलवरचा साधा संदेश, आज वाडीवाडीवर पोहोचलेले आहे, असे माझे म्हणणे आहे.

ब्रिटनमध्ये याच्याशी मिळताजुळता अनुभव आहे. तेथे उन्हाळी सुटी संपून सप्टेंबरात शाळा उघडल्या की दम्याने आजारी पडणाऱ्या मुलांची संख्या दरवर्षी वाढते. म्हणून तेथील काही दवाखान्यांनी सुटी चालू असतानाच पालकांना एक पत्र पाठवून पाहिले. औषध थांबवले असेल तर शाळा उघडण्यापूर्वी पुन्हा सुरू करा, संपत आले असेल तर घेऊन जा, इतकाच त्याचा आशय होता. त्या ऑगस्टमध्ये औषधे लिहून नेण्याचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी वाढले. सप्टेंबरातली गर्दी मात्र त्यामुळे कमी झाली नाही, हेही त्याच चाचणीत दिसून आले. मला या दोन्ही गोष्टी सारख्याच महत्त्वाच्या वाटतात. वेळेवर गेलेला निरोप पालकांना औषधाच्या दुकानापर्यंत नेतो. पण औषध घरात आले म्हणजे ते मुलाच्या छातीत पोहोचले असे होत नाही, आणि एकदाच पाठवलेल्या, उत्तराची वाट न पाहणाऱ्या निरोपाला तेवढे बळ नसते.

दमा हा श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला कायम राहणाऱ्या सुजेचा आजार आहे. त्यावर दोन प्रकारची औषधे असतात. साल्ब्युटामॉलसारखे औषध आवळलेल्या नळ्या काही मिनिटांत मोकळ्या करते. ब्युडेसोनाइडसारखे औषध आतली सूज उतरवते, पण त्यासाठी ते दिवसेंदिवस, मूल ठणठणीत दिसत असतानाही, घ्यावे लागते. पहिल्याचा गुण डोळ्यांना दिसतो, दुसऱ्याचा दिसत नाही. त्यामुळे धाप लागली की पंप आणि धाप थांबली की पंप फळीवर, ही घरोघरची रीत अगदी स्वाभाविक आहे आणि तीच घातक आहे. पाऊस कोसळू लागल्यावर कौले परतायला कोणी छपरावर चढत नाही, ते काम मे महिन्यातच उरकलेले असते. सूज उतरवणारे औषध हे त्याच जातीचे काम आहे. जगातील दम्याच्या रुग्णांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक भारतात होतात, असे 'जागतिक आजारभार' या आंतरराष्ट्रीय अभ्यासाचा २०१९ सालचा अंदाज सांगतो. यावर लागणारी औषधे आपल्याच देशात तयार होतात आणि अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतही आहेत. तेव्हा तुटवडा औषधांच्या शोधाचा नाही. तपासणी झाली की पुढच्या तपासणीपर्यंत दोन-तीन महिने घर आणि दवाखाना यांच्यात एक शब्दही होत नाही, तिथे खरी उणीव आहे.

त्या महिन्यांत घरात काय घडते ते जवळून पाहिले पाहिजे. राजापूर तालुक्यातल्या एका घरात मी पाहिले की स्पेसर, म्हणजे पंप आणि मुलाचे तोंड यांच्यामध्ये धरायची प्लास्टिकची नळकांडी, आजी दररोज मनापासून धूत होत्या आणि स्वच्छ फडक्याने आतून कोरडी पुसत होत्या. पुसल्याने प्लास्टिकवर स्थिर विद्युतभार तयार होतो आणि औषधाचा बराच अंश आतल्या भिंतीलाच चिकटून बसतो, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. साबणाच्या पाण्यात बुडवून काढायची आणि न पुसता निथळत ठेवायची, इतके साधे ते काम आहे. "जुलैत आमच्याकडे काय सुकता?" असे आजींनी विचारले, आणि तो प्रश्न अगदी रास्त होता, कारण ते नळकांडे सुकवायला त्यांनी चुलीवरच्या दांडीला टांगले होते आणि ज्या धुराने नातवाची छाती भरते तोच धूर त्यात भरत होता. दवाखान्यात समोर बसलेल्या डॉक्टरांना हे दिसणे शक्य नव्हते. आजींनाही ते सांगण्यासारखे वाटले नव्हते. अशी माहिती कोणीतरी विचारल्यावरच बाहेर येते.

पंप रिकामा झाला हे ओळखण्याचेही तसेच आहे. बरेच लोक तो हवेत उडवून पाहतात, फवारा आला की औषध आहे असे समजतात. पण औषधाच्या मात्रा संपल्यानंतरही आतला वायू फवारा मारतच राहतो. मूल रोज पंप घेत असते आणि त्याला औषध मिळत नसते. डब्यावर मात्रांची संख्या छापलेली असते. १२० मात्रांचा पंप असेल आणि सकाळी दोन, संध्याकाळी दोन असे लिहून दिले असेल, तर तो बरोबर ३० दिवस पुरतो. हा हिशेब मांडायला संगणकाला क्षणही लागणार नाही, आणि सव्विसाव्या दिवशी "पंप चार दिवसांत संपेल, उपकेंद्रातून नवा घ्या" असा संदेश गेला तर एका कुटुंबाचा पुढचा महिना सुखाचा जाऊ शकतो. उलट, धाप लागल्यावर घ्यायचा २०० मात्रांचा पंप वर्षात तीन किंवा अधिक वेळा लागला तर ती धोक्याची खूण मानावी, असे दम्याविषयीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. तालुक्याच्या गावात एका दुकानातून एक, दुसऱ्यातून दुसरा असे पंप नेणाऱ्या कुटुंबाचा हा हिशेब आज कुणाच्याच वहीत नसतो.

संदेशांनी फरक पडतो याला आधार आहे, जरी तो अजून लहान असला तरी. अमेरिकेत अटलांटा येथील जॉर्जिया टेक या संस्थेच्या संशोधकांनी दमा असलेल्या १० ते १७ वर्षांच्या ३० मुलांवर चार महिने एक प्रयोग केला. काहींना संदेश नव्हते, काहींना एक दिवसाआड होते, काहींना रोज. संदेशांत त्यांच्या लक्षणांविषयी प्रश्न असत आणि दम्याविषयी माहिती असे. रोज संदेश मिळालेल्या मुलांची आजाराविषयीची समज वाढली आणि फुप्फुसांची क्षमताही सुधारली. तीस मुलांच्या प्रयोगावर राज्याचे धोरण आखता येत नाही, हे मान्य. पण त्यातली एक बाब मला फार बोलकी वाटते: त्या मुलांना नुसता उपदेश गेला नाही, त्यांना विचारले गेले. काल रात्री खोकला आला का, असे विचारले की मूल किंवा आई आठवून पाहते, आणि आठवल्यावर तिच्याच लक्षात येते की हा आठवडा मागच्यासारखा गेला नाही.

काय विचारावे हेही डॉक्टरांनी कधीच ठरवून ठेवलेले आहे. सहा वर्षांपुढच्या मुलासाठी चार प्रश्न पुरतात: गेल्या चार आठवड्यांत दिवसा खोकला-धाप आठवड्यातून दोनपेक्षा अधिक वेळा झाली का, रात्री त्यामुळे झोपमोड झाली का, धाप थांबवणारा पंप आठवड्यातून दोनपेक्षा अधिक वेळा लागला का, आणि खेळणे-धावणे कमी झाले का. एकाही प्रश्नाला "हो" असेल तर आजार पुरता ताब्यात नाही. असे प्रश्न साध्या मोबाइलवर विचारता येतात. मात्र त्यांना मर्यादा आहे, आणि ती संदेश लिहिणाऱ्याने मनावर घ्यावी अशी आहे. रोमन लिपीत एका साध्या संदेशात १६० अक्षरे मावतात, देवनागरीत फक्त ७०, आणि काना, मात्रा, वेलांटी ही सगळी वेगळी मोजली जातात. शासकीय परिपत्रकाची भाषा यात बसत नाही. "या आठवड्यात मुलाची झोप खोकल्याने मोडली का? हो-१, नाही-२" हे बसते. ज्यांना वाचणे जड जाते त्यांच्यासाठी हाच प्रश्न फोनवर ऐकवता येईल, आणि तो ऐकवणारा आवाज सिंधुदुर्गात मालवणीत बोलला तर आजी फोन ठेवून देणार नाहीत. केंद्र सरकारची "किलकारी" सेवा गरोदर स्त्रिया आणि वर्षाच्या आतल्या बाळांच्या मातांना दर आठवड्याला ध्वनिमुद्रित संदेश ऐकवते. क्षयरोगाच्या उपचारात गोळी घेतल्याची खूण म्हणून नि:शुल्क क्रमांकावर मिस्ड कॉल देण्याची पद्धत आपल्या देशात वापरून झालेली आहे. म्हणजे वाट नवी पाडायची नाही. किलकारी बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला थांबते आणि दम्याची गोष्ट बहुधा त्यानंतर सुरू होते, एवढी फट बुजवायची आहे.

संदेश कोणाच्या फोनवर जाणार, हा प्रश्न कोकणात सर्वांत कठीण आहे, आणि मुंबईत किंवा दिल्लीत बसून योजना आखणाऱ्याला तो सुचणार नाही. केसपेपरवर मोबाइल क्रमांक बहुतेक वेळा वडिलांचा असतो. वडील नालासोपाऱ्याला किंवा डोंबिवलीला असतात, गणपती, शिमगा आणि मे महिना सोडला तर गावी नसतात. मुलाला पंप देणारी आई किंवा आजी असते. आईच्या हातातल्या फोनवर मोठ्या मुलीचा अभ्यास चालू असतो, आजीकडे बटणांचा जुना फोन असतो आणि तो देवळीत ठेवलेला असतो. पंपाची आठवण करून देणारा संदेश विरारच्या लोकलमध्ये चिकटून उभ्या असलेल्या माणसाला सकाळी पावणेआठला मिळाला, तर तो त्याचे काय करणार? फार तर रात्री घरी फोन करताना विचारील, आणि थकल्या जिवाने विसरूनही जाईल. यात त्याचा दोष नाही. म्हणून नोंद करतानाच विचारले पाहिजे की रात्री मुलाजवळ कोण झोपते, आणि त्या व्यक्तीचा क्रमांक पहिला लिहिला पाहिजे. वडिलांचा क्रमांक दुसरा असावा, कारण पैसे तेच पाठवतात आणि धाप वाढली तर गाडी कोणाची मागवायची हेही बहुधा तेच ठरवतात. त्यांच्याकडे जाणारे संदेश वेगळे असावेत, रोजच्या आठवणीचे नव्हे, निर्णयाचे.

रेंज हा आक्षेप नेहमी पुढे येतो. सह्याद्रीच्या कुशीतल्या वाड्यांत फोन लागत नाही, कातळावर चढून जावे लागते, पावसात वीज गेली की टॉवरही बंद पडतो, हे सगळे खरे आहे. पण साध्या संदेशाला इंटरनेट लागत नाही. फोन रेंजमध्ये आला की मधल्या काळात अडकलेला संदेश उशिराने का होईना पोहोचण्याची शक्यता असते. म्हणूनच व्हॉट्सॲपचे गट आणि चित्रफितींवर सगळी मदार ठेवू नये, असे मला वाटते. पंप कसा घ्यावा हे दाखवायला चित्रफीत उत्तम, ती जरूर पाठवावी. आठवड्याच्या चौकशीला मात्र साधा संदेशच बरा. आणि जी गोष्ट रेंजवर कधीच सोपवता येत नाही ती कागदावर हवी. मुलाला वाक्य पुरे करता येत नसेल, श्वास घेताना बरगड्यांमध्ये खड्डे पडत असतील, ओठ निळसर दिसत असतील, तर कोणता पंप किती वेळा द्यायचा आणि १०८ ला फोन करून तडक कुठल्या रुग्णालयात निघायचे, हे डॉक्टरांनी स्वतः लिहून दिलेला कागद भिंतीवर चिकटवलेला असावा. अशा रात्री संदेशाला उत्तर देत बसण्याची वेळ कुणावर येऊ नये.

पालकांशी बोलण्याच्या रीतीविषयी थोडे स्पष्ट लिहितो, कारण संदेश कितीही चांगले असले तरी आधी झालेल्या बोलण्यावरच ते उभे राहतात. "पंपाची सवय लागते" ही भीती आपल्याकडे घराघरात आहे. तिला "काही होत नाही हो" असे उडवून लावणे सोपे असते. त्यापेक्षा आकडे सांगावेत. साल्ब्युटामॉलच्या सिरपच्या एका चमच्यात, म्हणजे पाच मिलिलिटरमध्ये, साधारणपणे दोन मिलिग्रॅम औषध असते. पंपाच्या एका मात्रेत १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे त्याच्या विसाव्या हिश्शाइतके. तेही थेट फुप्फुसाकडे जाते, पोटातून फिरून येत नाही. जे पालक चमचा निर्धास्तपणे देतात त्यांना हा हिशेब एकदा कळला की पंपाविषयीची अढी बरीच सैल होते. सूज उतरवणारे ब्युडेसोनाइड हे स्टेरॉईड आहे, त्याच्या भीतीबद्दलही तसेच. अमेरिकेतल्या एका दीर्घ अभ्यासात लहानपणी काही वर्षे ब्युडेसोनाइड घेतलेल्या मुलांची प्रौढपणीची उंची इतरांपेक्षा सरासरी १.२ सेंटिमीटरने कमी भरली. २०१२ साली तो प्रसिद्ध झाला. हे पालकांना सांगावे, आणि ताब्यात नसलेल्या दम्यामुळे मुलाचे बालपण, झोप, शाळा आणि प्रसंगी जीव यांचे काय होते तेही सांगावे. आपण लपवले तर ते कुठूनतरी वाचतील, आणि मग आपल्या पुढच्या एकाही संदेशावर विश्वास ठेवणार नाहीत.

मुलींच्या बाबतीत आणखी एक अवघड गोष्ट आहे. मुलीला दमा आहे हे वाडीत कळू नये, पुढे लग्नाला अडचण येईल, या धास्तीने आजार लपवणारी कुटुंबे आजही आहेत. एकच फोन चार हातांत फिरत असताना पडद्यावर "आपल्या मुलीचा दमा" असे शब्द उमटले तर ते कुटुंब दुसऱ्याच दिवशी क्रमांक बंद करील. ही समजूत चुकीची आहे आणि ती बदललीच पाहिजे, पण ती बदलण्याचे काम पोरीच्या खासगी गोष्टी उघड करून होणार नाही. संदेशात आजाराचे नाव नसले तरी चालते. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळून पाहता येईल अशी संमती आवश्यक केली आहे. ती संमती घेताना फॉर्मवर अंगठा उठवून न घेता, संदेशात काय लिहिलेले असेल ते आईला प्रत्यक्ष दाखवावे.

आता उत्तरांचे काय करायचे ते. प्राथमिक आरोग्य केंद्रातला डॉक्टर आधीच बाह्यरुग्ण विभाग, लसीकरण, शवविच्छेदन आणि बैठका यांत पिळून निघालेला असतो. त्याच्यापुढे आणखी शंभर संदेशांचा ढीग टाकणे अन्यायाचे होईल. तशी गरजही नाही. "नाही" म्हणणाऱ्यांना कोणी फोन करायचा नाही. "हो" म्हणणाऱ्यांची आणि दोन आठवडे गप्प असणाऱ्यांची छोटी यादी उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे जावी, त्यांनी फोन करावा, आणि ज्या घराचा फोन लागत नाही तिथे आशाताईंनी जाऊन यावे. आशाताईंना या कामाचा वेगळा मोबदला मिळाला पाहिजे. त्यांच्यावर फुकटची कामे लादून आपण पुष्कळ योजना चालवल्या आहेत, त्यात आणखी एकीची भर नको. गप्प राहणाऱ्यांचा उल्लेख मी मुद्दाम केला. तब्येत बिघडलेल्या मुलाच्या आईला उत्तर द्यायला वेळ नसतो, आणि व्यवस्था मात्र उत्तर न आलेल्यांना बरे झालेले समजून चालते.

आणि उपकेंद्रात पंप नसेल, तर हे सगळे लिखाण व्यर्थ आहे. "नवा पंप घ्या" असा संदेश वाचून एखादी आई एसटीचे भाडे खर्चून, दिवसाची मजुरी बुडवून येते आणि तिला बाहेरच्या दुकानाची चिठ्ठी मिळते, तर पुढचा संदेश ती उघडणार नाही. सूज उतरवणारा पंप आणि स्पेसर हे दोन्ही बारमाही साठ्यात असणे ही या योजनेची पहिली अट असावी. दक्षिण आफ्रिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अर्ध्या लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीला नीट भोक पाडून आणि सांधा बंद करून केलेला स्पेसर विकतच्याइतकाच उपयोगी ठरला होता. तेव्हा स्पेसर संपले आहेत ही सबब तर मुळीच चालू नये.

सुरुवात कुठून करायची, याचेही उत्तर कोकणातच आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशपातळीवरचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला झाला, आणि त्याच्या पथकांनी शाळा-अंगणवाड्यांत ज्या आजारांसाठी मुले तपासायची आहेत त्यांच्या यादीत श्वासनलिकांचा हा विकार पहिल्यापासून आहे. म्हणजे दम्याची मुले शोधण्याचे काम कागदावर ठरलेले आहे. शोधलेल्या मुलाच्या घराशी पुढे बोलत राहण्याचे काम कुणाचे, ते ठरलेले नाही. रत्नागिरी किंवा सिंधुदुर्ग जिल्हा परिषदेने एक तालुका निवडावा. पथकाने जानेवारी ते मार्चमध्ये मुलांची नावे आणि मुलाजवळ झोपणाऱ्या व्यक्तीचा क्रमांक नोंदवावा, एप्रिलमध्ये उपकेंद्रात प्रत्येक आईकडून किंवा आजीकडून पंप देऊन दाखवून घ्यावा, मेच्या अखेरीस पहिला संदेश जावा. मग पावसाळाभर आठवड्याला एक प्रश्न. गणपतीच्या आधी एक खास निरोप, कारण चाकरमान्यांबरोबर सर्दीही येते आणि आरतीच्या वेळी घर धुपाने भरते. शिमग्याच्या आणि भाजावळीच्या, म्हणजे शेतात पालापाचोळा जाळण्याच्या, आधी धुराबद्दल आणखी एक. वर्षाच्या शेवटी किती संदेश पाठवले हा आकडा कोणी मागू नये. किती मुलांना रात्री रुग्णालयात न्यावे लागले आणि शाळेचे किती दिवस बुडाले, हे तालुक्याने त्याआधीच्या वर्षाशी ताडून पाहावे आणि ग्रामसभेत वाचून दाखवावे.